नाही म्हणायला पासवर्ड लागत नाही

"ताई, तुझा ईमेल सांग. शाळेचा नको, तुझा स्वतःचा."

श्रीरंग मागच्या पडवीत, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसला होता. मी चिपळूणहून दोन दिवसांसाठी दापोलीला माहेरी आले होते, आणि आल्या आल्या आईनं माझ्यापुढे आख्खा कापा फणस टाकला होता. कोपरापर्यंत हात तेलानं माखलेले. त्यात हे.

"कशाला हवाय?"

"मी मेल्यावर तुला आमंत्रण पाठवायला."

"श्रीरंग!" आतून आईचा आवाज आला. "तिन्हीसांजेला काय बडबडतोस रे?"

"अगं, चार वाजलेत आई," तो म्हणाला आणि हसला.

माझा भाऊ मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर होता. सहासात महिने समुद्रावर, मग तीनचार महिने घरी. घरी असला की घर भरलेलं असायचं. तो नसला की आई, त्याची बायको मृदुला आणि अन्वी, तिघीच. अन्वी तेव्हा दुसरीत होती. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, अन्वी कॉलेजात जाते. पण तो फणसाचा वास आणि त्याचं ते हसणं मला आजही वेगळं करता येत नाही.

"ऐक नीट," तो म्हणाला. "माझे सगळे पासवर्ड या एका अ‍ॅपमध्ये आहेत. मी याला तिजोरी म्हणतो. तिचा एक मोठा पासवर्ड आहे, तो फक्त माझ्या डोक्यात. मी बुडालो की तोही बुडाला. म्हणून यात आपल्या एका भरवशाच्या माणसाचं नाव घालता येतं. तुझं घालतोय."

"मृदुलाचं घाल ना."

त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तिला सांगितलंय मी. ती नाही दाबणार, ताई. फोनकडे वर्षभर बघत बसेल, पण मागणार नाही. तू दाबशील."

"का? मी काय दगड आहे?"

"तू एकदा यातून गेलीयेस. भाऊजी गेले तेव्हा त्यांचा फोन उघडेना म्हणून काय हाल झाले, मी होतो ना शेजारी."

माझे यजमान हार्ट अटॅकनं अचानक गेले होते. त्यांचा फोन त्यांच्या अंगठ्यानं उघडायचा, आणि अंगठा तर आम्ही जाळून आलो होतो.

"बरं, मग काय करायचं असतं?" मी विचारलं.

"तू मागणी करायचीस. ते मला विचारणार, चारुशीला तिजोरी उघडायला मागते आहे, देऊ का? मी आठवडाभरात नाही म्हटलं तर विषय संपला. काहीच बोललो नाही, तर तुला उघडून मिळणार."

"आणि तू नाही म्हटलंस तर?"

"तर समजायचं, स्वारी जिवंत आहे आणि तुझ्यावर जाम चिडली आहे."

मी ईमेल सांगितला. तेवढ्यात अन्वीनं मागून येऊन ताटातले दोन गरे उचलले आणि तो लॅपटॉप मिटून तिच्या मागे धावला.

पावसाच्या तोंडाशी तो जहाजावर परत गेला. दसरा झाल्यावर कंपनीचा फोन आला.

जहाज आफ्रिकेच्या खालून चाललं होतं. पहाटे तो इंजिन रूममधून ड्यूटी संपवून वर आला, तिथल्या दोघांशी बोलला. पुढच्या पाळीला आला नाही. केबिनमध्ये नव्हता, कुठंच नव्हता. जहाज मागे वळवलं, आसपासची आणखी दोन जहाजं शोधात उतरली. मग शोध थांबवला. घसरला असेल, असं कंपनीतले एक साहेब म्हणाले. समुद्र खवळलेला होता आणि डेक ओलं होतं. एवढंच कुणालाही माहीत होतं आणि आजही एवढंच माहीत आहे. कागदावर शब्द आला, 'बेपत्ता'.

"बेपत्ता म्हणजे पत्ता नाही," आई म्हणाली. "माणूस नाही, असं कुठं लिहिलंय?"

आमची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तालुक्यातल्या निम्म्या घरांत तिनं बाळं हातात घेतली होती आणि निम्म्या घरांत म्हाताऱ्यांचे डोळे मिटले होते. रडणाऱ्या बायकांना कसं धरायचं, हे तिला पाठ होतं. आणि आता तीच कुणाला जवळ येऊ देत नव्हती. खेडहून काका आले. दर्भाचा पुतळा करून विधी करतात, देह नसला तरी गती मिळते, असं काहीतरी हळूहळू बोलायला लागले. आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "चहा घ्या आणि तीनची गाडी पकडा." घरात सुतक नाही, दहावं नाही, काही नाही. मृदुलाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं तसंच. आईचा टॅबही शिलाई मशीनवर रोज चार्ज होऊन उभा असायचा. तो श्रीरंगचाच जुना टॅब. जहाजावरून त्याचे व्हिडिओ कॉल आईला त्याच्यावरच यायचे.

जानेवारीत एका दुपारी मृदुलाचा फोन आला. आवाज अगदी कोरडा.

"ताई, ते फोटो पुसले जाणार आहेत."

अन्वीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो, सगळे व्हिडिओ श्रीरंगनं इंटरनेटवर एका ठिकाणी ठेवले होते. फोन बदलत गेले, बाकी कुठं काही उरलं नव्हतं. त्या जागेचं भाडं त्याच्या कार्डातून जायचं आणि कार्डाची मुदत संपली होती. महिनाअखेरीला सगळं काढून टाकू, असा निरोप मृदुलाला आला होता.

"मी तिथं फोन केला," ती म्हणाली. "मृत्यूचा दाखला पाठवा म्हणाली ती मुलगी. मी म्हटलं, दाखला नाही, माझे मिस्टर बेपत्ता आहेत. तर म्हणाली, मग मॅडम, त्यांनाच लॉगिन करायला सांगा ना. त्यात त्यांचा आवाज आहे, ताई. माझ्याजवळ दुसरीकडे कुठंच नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्याकडे ती तिजोरी आहे ना? त्यांनी मला सांगितलं होतं. मी दाबणार नाही, असंही सांगितलं होतं."

शनिवारी मी दापोलीला गेले. दाबायच्या आधी आईला सांगायचं ठरवलं होतं. जेवणाच्या टेबलाशी तिघी बसलो, अन्वी शाळेत होती. मी आईला श्रीरंगनं सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. मागायचं, त्याला विचारलं जाणार, आठवडाभर वाट बघणार. दाखला नको, सही नको.

"म्हणजे तू त्याला विचारणार, मेलास का?" आई म्हणाली.

"तसं नाही आई."

"मग कसं?"

मी गणित शिकवते. उत्तर नसलं की मुलांना सांगते, पुन्हा वाच प्रश्न. मी पुन्हा वाचला.

"आणि तो बोलला नाही, म्हणजे मेला," आई म्हणाली. "लहानपणी रुसला की चार चार दिवस बोलायचा नाही. तेव्हा कुठं मेला होता?"

ती उठली, मशीनवरचा टॅब घेतला आणि आपल्या खोलीत गेली. मृदुलानं माझ्या मनगटावर हात ठेवला, घट्ट धरला, मग सोडला. मी बटण दाबलं.

मी शाळेत रजा टाकून तिथंच राहिले. घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. भाजी निवडली जात होती, अन्वीचा अभ्यास घेतला जात होता, दूधवाल्याशी पाण्यावरून भांडण होत होतं. पण माझा फोन वाजला की मृदुला हातातलं काम थांबवायची. मला म्हणायला हवं की मीही थांबायचे. आफ्रिकेखालचा तो समुद्र किती थंड असतो, ते मी वाचलं होतं. तरीही अंघोळीला जाताना मी फोन न्हाणीघराबाहेर स्टुलावर ठेवायचे.

चौथ्या दिवशी दुपारी मी मटार सोलत होते आणि फोनवर मेल आला. इंग्रजीत एकच ओळ होती. तुमची विनंती श्रीरंग मयेकर यांनी नाकारली आहे.

माझ्या मांडीवरची मटारांची ताटली उलटी झाली. मी मृदुलाला हाक मारली की नाही, आठवत नाही. ती आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला. मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसली.

"ते आहेत," ती म्हणाली. "ताई, ते आहेत. नाही म्हणालेत. चिडलेत तुमच्यावर!"

आणि ती हसायला लागली. इतक्या महिन्यांनी. मीही हसले. आम्ही दोघी मटारांत बसून एकमेकींना धरून हसत होतो आणि रडत होतो. कुठल्या तरी बेटावर असेल, एखाद्या कोळ्याच्या होडीनं उचललं असेल, डोक्याला मार लागून दवाखान्यात पडला असेल, आज कुठं हातात फोन आला असेल. मी, मी बोलत होते हे सगळं. मृदुला नुसती मान हलवत होती.

मग तिनं कंपनीत फोन लावला. "साहेब, मी मिसेस मयेकर. माझ्या मिस्टरांचा निरोप आलाय! हो, आत्ता! त्यांनी स्वतः दाबलंय!" तेवढ्यात अन्वी शाळेतून आली. मृदुलानं तिला उचललं, आठ वर्षांच्या घोडीला, आणि गोल फिरवलं. "बाबा चिडलाय गं आत्यावर! बाबा चिडलाय!" अन्वीला आधी काही कळेना, मग कळलं, मग ती दप्तरासकट अंगणात जाऊन ओरडायला लागली, "बाबा चिडलाय! बाबा चिडलाय!" मृदुलानं देवापुढे साखर ठेवली आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

पलीकडून साहेबांनी मला फोनवर बोलावलं होतं. ते हळू बोलत होते. "मॅडम, देव करो आणि खरं असो. पण तो मेल मला जसाच्या तसा पाठवा. कुठून दाबलंय ते त्यात खाली कधी कधी असतं. त्यावरून आपल्याला शोधता येईल."

मी मेल पुढे पाठवायला उघडला आणि पहिल्यांदाच बोटानं खाली सरकवला. बारीक अक्षरं होती. तारीख होती, वेळ होती. आणि ज्या यंत्रावरून नकार दिला गेला, त्याचं नाव होतं. ते नाव श्रीरंगनंच कधीतरी घातलेलं असणार.

'आईचा टॅब'.

मग माझ्या लक्षात आलं की एवढा आरडाओरडा झाला, आणि आई खोलीतून बाहेर आली नाही.

ती पलंगावर बसली होती. टॅब उशीवर पालथा. मी दार लोटून घेतलं.

"आई, तू दाबलंस?"

"हो."

"काय विचारत होतं, ते कळलं होतं तुला?"

"इंग्रजी वाचता येतं मला. औषधांची नावं काय मराठीत असतात?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "त्याचं ते तिजोरीचं अ‍ॅप अजून आहे याच्यात. तुझं नाव आलं होतं. खाली दोन बटणं होती. हो आणि नाही. हो म्हणायला पासवर्ड लागतो. नाही म्हणायला काही लागत नाही. दाबलं."

"पण का?"

"कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं, चारू." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळेच मला ते ऐकवेना. "कंपनी म्हणते, गेला. तुझे काका म्हणतात, गेला. तूही म्हणतेस. माझ्या पोराच्या बाजूनं नाही म्हणणारं एक माणूस नाही. अगं, सरकारसुद्धा सात वर्षं थांबतं म्हणे बेपत्ता माणसासाठी. तुम्हाला आठवडा पुरला?"

मी तिच्याजवळ बसले. ती सरकली नाही, पण माझ्याकडे वळलीही नाही.

"नाडी बघितल्याशिवाय मी आयुष्यात कुणाला गेला म्हटलं नाही," ती म्हणाली. "डॉक्टर ओसरीवर उभे राहून मान हलवायचे. मी आत जायची. मनगट धरायची आणि बोटं ठेवून बसायची. घरातले म्हणायचे, बाई, आता कशाला? मी म्हणायची, थांबा. आणि कधी कधी लागायची, चारू. अगदी लांब, विहिरीच्या तळातून आल्यासारखी. लागायची." तिनं तळहात उघडा करून माझ्यापुढे धरला. "याचं मनगट कुठंय? दे मला. मी बघते. मग मी स्वतः म्हणते."

तो रिकामा तळहात मी माझ्या दोन्ही हातांत धरला. दुसरं काय करणार होते? बाहेरून अन्वीचा आवाज येत होता. बाबा चिडलाय, बाबा चिडलाय.

"आई, मृदुलानं कंपनीत फोन केलाय. तिला वाटतंय..."

"ऐकतेय मी मघापासून." पहिल्यांदाच तिचा चेहरा हलला. "मला वाटलं, नुसतं बंद पडेल ते. तुमचं मागणं थांबेल. तिला असं वाटेल, हे माझ्या डोक्यातच नाही आलं गं. एवढी वर्षं लोकांच्या घरी गेले, आणि स्वतःच्या घरात मला कळू नये?"

"तू बस. मी सांगते तिला."

"नाही," ती उठत म्हणाली. "अशी बातमी मी कधी दुसऱ्यावर ढकलली नाही."

स्वयंपाकघरात रव्याचा खमंग वास सुटला होता. आईनं आधी गॅस बंद केला. मृदुलाच्या हातातून उलथनं काढून घेतलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि समोर दुसरी खुर्ची ओढून तिचे दोन्ही हात धरले. लोकांच्या घरी ती असंच करायची. मृदुला अजून हसतच होती.

"मृदुला, ते नाही मी म्हटलं. त्यानं नाही."

"काय म्हणताय आई?"

"माझ्या टॅबवर आलं होतं ते. मी दाबलं. श्रीरंगचा काही निरोप आलेला नाही."

मृदुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता ओरडेल, हात झिडकारेल, काहीतरी फेकेल. मी तिच्या जागी असते तर फेकलं असतं. तिनं फक्त आपले हात हळूच सोडवून घेतले आणि मांडीवर ठेवले.

"तासभर होते ते," ती म्हणाली. "आई, तासभर होते ते."

आईनं ऐकून घेतलं. मग ती अंगणात गेली, अन्वीला पायरीवर जवळ बसवून तिलाही तिनंच सांगितलं. मी दारात उभी होते. अन्वीनं एकच विचारलं, "म्हणजे बाबा चिडला नाहीये?" आई म्हणाली, "नाही गं बाळा." त्यावर ती पोर उठून आत गेली आणि दप्तर काढून जागेवर ठेवलं.

कंपनीतल्या साहेबांना मी कळवलं. "मला अंदाज होता," ते म्हणाले, आणि आणखी काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृदुला माझ्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले, पण केस विंचरलेले.

"आजच मागितलं तर महिना संपायच्या आत उघडतं. मी हिशेब केलाय. द्या तो फोन. या वेळी मी दाबते."

श्रीरंग तिच्याबद्दल चुकीचं बोलला होता. तिनं फोन घेतला, वाचलं आणि दाबलं. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

मी टॅब घेऊन चिपळूणला जायचं ठरवलं होतं. तसं म्हणालेसुद्धा. आई शिलाई मशीनपाशी उभी होती. तिनं टॅब छातीशी धरला.

"माझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली. माझ्याशी नाही, मृदुलाशी. "मी नाही दाबणार. पण माझ्याजवळ राहू दे."

मी मृदुलाकडे पाहिलं. त्या फोटोंत काय होतं, ते तिलाच माहीत होतं. आणि आदल्या दिवशी काय झालं होतं, तेही.

"राहू द्या आईंकडे," मृदुला म्हणाली.

मग मीही रजा वाढवून तिथंच राहिले. तो आठवडा आईनं मागच्या पडवीत काढला. स्वयंपाक मृदुला करायची, आई दोन घास खायची आणि परत तिथं जाऊन बसायची. टॅब मांडीवर उताणा. त्यावर तो प्रश्न रोज पुन्हा उमटायचा. चारुशीला तिजोरी उघडायला मागते आहे. खाली दोन बटणं. ती त्याच्याकडे बघत असायची, आणि टॅबच्या कडेवर तिची तीन बोटं टेकलेली असायची, हलकी, दाब न देता. ती बोटं तशी का ठेवली आहेत, हे मला दोन दिवसांनी कळलं. मग मला पडवीत जाववेना.

एकदा अन्वी तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, मी दाबू नाही?"

मी आतून धावले, पण आईनं तिचं बोट आधीच हातात धरलं होतं.

"नको, बाळा. म्हणायचं तर त्यालाच म्हणू दे."

"आणि नाही म्हणाला तर?"

आईनं तिला जवळ ओढलं. अन्वी तिच्या दंडाला टेकून बसली आणि दोघी त्या काचेकडे बघत राहिल्या.

आठवडा संपला त्या दिवशी दुपारची जेवणं उरकत आली होती आणि माझ्या फोनवर मेल आला. तिजोरी उघडली होती.

मृदुलानं हात धुतले आणि श्रीरंगचा लॅपटॉप काढला. आत काही खास नव्हतं. लाईटबिल, गॅस, बँक, रेल्वेचं तिकीट, अन्वीच्या शाळेचं अ‍ॅप, त्याचा तो क्रिकेटचा स्कोअर बघायचा नाद. माणूस रोज जिथं जिथं हात लावतो, त्या सगळ्या जागा एकाखाली एक. मृदुलानं फोटोंचा पासवर्ड घेतला, माझ्या कार्डावरून भाडं भरलं आणि फोटो उघडले. बारीक बारीक चौकोनांनी पडदा भरून गेला. तिनं एकही मोठा करून पाहिला नाही. नुसतं खाली खाली सरकवत गेली, अन्वीच्या जन्मापर्यंत.

"आहेत," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

आई दारात उभी होती. कधी आली, कळलं नाही.

"उघडलं?"

"हो आई."

तिनं टॅब टेबलावर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लोकांच्या घरीही ती तशीच पाहायची, नंतर डॉक्टरांना वेळ सांगावी लागे म्हणून. मग पदर खोचला.

"चारू, न्हाणीत पाणी काढ. सगळ्यांना डोक्यावरून अंघोळ करायची आहे."

मला कळलं. मृदुलाही कळून उभी राहिली होती, टेबलाची कड धरून. फक्त अन्वीला कळलं नाही.

"मी सकाळीच केली, आजी."

"पुन्हा करायची, बाळा. बाबासाठी करायची."

मी बादल्या भरल्या. आईनं कुणाला एकटं आत जाऊ दिलं नाही. मृदुलाला नेसत्या साडीसकट पाटावर बसवलं, तिची वेणी स्वतःच्या हातांनी सोडली, आणि पहिला तांब्या तिच्या डोक्यावर धरला. पाणी कपाळावरून, गळ्यावरून खाली आलं आणि मृदुलानं जो टाहो फोडला, तो इतक्या महिन्यांत आमच्या घरात कुणी फोडला नव्हता.

"रड," आई म्हणाली. "गेला गं आपला. गेला."

आणि ती पाणी ओतत राहिली.